दोन मेडिकल

नागपुरात मेडिकल म्हणजे मोठं सरकारी इस्पितळ,
आणि मेडिकल म्हणजे माझं हे दहा बाय बाराचं दुकानही.
ऑटोवाला विचारतोच: कोणतं मेडिकल, ताई?
मधे एकच रस्ता.
ओलांडायला लाल सिग्नलचे नव्वद सेकंद.

दीपमाला निनावे दर महिन्याला येते, पार गोळीबार चौकातून.
इतक्या लांब, कारण तिथल्या दुकानदाराला
तिची सासू राखी बांधते.
अठ्ठावीस गोळ्यांची पट्टी, एकवीस पांढऱ्या, सात तपकिरी.
मी कागदात गुंडाळते. ती लपवते
शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या खाली.
आमचं बोलणं एवढंच: सुटे आहेत का?

आज तिनं पट्टी मागितली नाही.
"ते तपासायचं द्या," म्हणाली, "घरी करतात ते."
आणि मग, मी काही विचारायच्या आत:
"एक बी चुकली नाही, ताई.
रोज नऊला घेऊन राहिली.
सासूबाईची सीरियल लागली का घेतली."
ओढणीनं डोळे टिपले.
पांढऱ्या ओढणीवर उमटला
फिकट नारिंगी डाग.

मृगाचा बहर असो की आंबियाचा,
हा रंग या शहराला कुणी शिकवायला नको.
पण डोळ्यांतून उतरणारा
मी फक्त वाचला होता,
बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षी,
डावीकडच्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरात.

"खोकला होता?"
ती गप्प. मग दोन बोटं.
दोन महिने झाले. मेडिकलमधून, त्या मेडिकलमधून,
वजन करून दिलेल्या लाल गोळ्या, फुकट.
तिथे सगळं विचारलं तिला:
थुंकी, ताप, भूक, नवरा पितो का, घराला खिडक्या किती.
सासू बाजूलाच बसलेली, पिशवी मांडीवर घेऊन.
एक गोष्ट विचारली नाही कुणी,
विचारली असती तरी त्या बाकावर कशी निघाली असती?
आणि मी?
मी सुटे मागत होते.

आता कसं सांगू, मागे रांग असताना, हळू आवाजात:
लाल गोळी यकृताला कामाला जुंपते.
लग्नघरात येते ना एखादी झपाट्याची आत्या,
दिसेल ते उचलते, घासते, पालथं घालून मोकळी होते,
नवरीचं न जेवलेलं ताटसुद्धा.
तुझी पांढरी गोळी नऊला आत जाते
आणि बसायच्या आत तिचं ताट उचललेलं असतं.

"मंग लाल सोडू का?"
"अजिबात नाही! छातीला तीच लागते.
बदलायचं ते दुसरं. तांबीचं विचार. डॉक्टरला दोन्ही पट्ट्या दाखव.
आणि एकटी जा."
बिलाच्या पाठीवर दोन्ही नावं लिहिली,
दोन मेडिकलची दोन औषधं,
पहिल्यांदाच एका कागदावर.

रांगेतले काका कान देऊन होते.
"म्हणजे घशाची ॲन्टिबायोटिक पण? सूनबाई घेऊन राहिली..."
"नाही हो. ती बिचारी उगाच बदनाम.
ही लाल, आणि फिटच्या काही गोळ्या. सगळ्या नाहीत."
काका गोरेमोरे झाले, खिशातला चष्मा शोधू लागले.
दीपमाला हसली का, नीट दिसलं नाही.

आठ दिवसांनी आली.
पट्टी पुढे सरकवली, निम्मी रिकामी.
"वापस होते का?"
फोडलेली पट्टी आम्ही परत घेत नाही,
बिलावर छापलंय, लाल शाईत.
मी घेतली. पूर्ण पैसे दिले.
काय निघालं ते तिनं सांगितलं नाही.
सिग्नल सुटला तशी रस्ता सोडून
उलट्या बाजूला, बसस्टॉपकडे गेली.

तिच्या मागे एक पोरगा, हेल्मेट न काढता,
चिठ्ठी नाचवत: फिटच्या गोळ्या,
नाव बायकोचं, वय तेवीस.
"सुटे आहेत माझ्याजवळ," म्हणाला.
राहू द्या सुटे, म्हटलं.
त्यांना घेऊन या एकदा.